मिझुनो वळायच्या आधी

योकोहामा, १२ एप्रिल

ताई,

रागात असशील तर रागासकट नमस्कार. "पुन्हा मला फोन करू नकोस" असं तू म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, तेव्हा हे पत्र. उघडायचं नसेल तर तेजश्रीला देऊन टाक. तुझी लेक निदान पाकिटावरचं जपानी तिकीट तरी काढून ठेवेल.

घाबरू नकोस, तुझ्या पायाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. चालताना माणसाचा तोल कसा सांभाळला जातो, हा माझा विषय. त्यात मी डॉक्टरेट केली, इथल्या विद्यापीठात तेच शिकवते. पण सख्ख्या बहिणीने "मी तुझ्या लॅबमधला उंदीर नाही" असं सुनावल्यावर मी काय बोलणार? मी चुकीचं काही सांगत नव्हते, एवढं मात्र नोंदवून ठेवते. स्कूटरच्या अपघातात गुडघ्याखालचा पाय गेला म्हणून शाळेतली खेळाची शिक्षिका कायमची रजेवर बसते, नवा पाय करून आणला तर तो खोक्यात घालून कपाटावर ठेवते, ग्राउंडवरच्या मुली भेटायला आल्या तर "झोपल्येय म्हणून सांग" म्हणते... बघ, लिहायचं नाही म्हणाले होते ना मी.

दुसरं सांगते. मी आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची प्रमुख झाले आहे. हसून घे. इथे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक क्लबला कागदोपत्री एक प्राध्यापक लागतो. काम काय, तर कागदांवर शिक्का मारायचा. आधीचे प्राध्यापक निवृत्त झाले. मीटिंगमध्ये हा विषय निघताच सगळे टेबलाकडे बघायला लागले आणि मी एकटीच वर बघत होते.

शिक्का मारून गप्प बसणं मला जमतं का? गेल्या शनिवारी मैत्रीची मॅच बघायला गेले. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. न सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू असतो. चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. पुढे न्यायच्या दोन तऱ्हा. एकतर कुणीतरी तो पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर मागून एकाने फेकायचा आणि पुढे धावणाऱ्याने झेलायचा. आमचा संघ फक्त घुसतो. आमचे कोच कुरोदा-सान सत्तरी ओलांडलेले आहेत, स्वतः याच संघातून खेळलेले. त्यांनी आयुष्यभर घुसायलाच शिकवलं आणि हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय. समोरचा अख्खा संघ पुढे येऊन दाटीने उभा राहतो आणि आमची पोरं त्या दाटीवर जाऊन आपटतात. हरलो, हे वेगळं सांगायला नको. खरा हंगाम शरदात, त्यात गटात शेवटचे आलो तर खालच्या गटात जाऊ.

मॅचनंतर मी कुरोदा-सानना विचारलं, "आपण फेकत का नाही?"

ते म्हणाले, "हवेतला चेंडू कुणाचाच नसतो, सेन्सेई." सेन्सेई म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'.

मला एकदम तू आठवलीस. मिरजेच्या ग्राउंडवर व्हॉलीबॉलमध्ये मी लिफ्टर, तू शूटर. मी बॉल वर उचलून दिला की तो हवेत असतानाही तुझाच असायचा, पलीकडच्या मुलींनासुद्धा ते कळायचं. हे कुरोदा-सानना समजावून सांगायला मला जपानी कमी पडलं. तू असतीस तर नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलं असतंस.

तुझी
वीणा

योकोहामा, २८ मे

ताई,

उत्तर नाही. नसू दे. पाकीट परत आलं नाही यावरच मी खूश आहे.

कुरोदा-सान थोडे वाकले आहेत. मी त्यांना मॅचचं चित्रीकरण थांबवून दाखवलं. समोरचे सगळे पुढे गोळा झालेले आणि त्यांच्यामागे मैदान असं मोकळं, की तिथे लग्नाची पंगत बसली असती. कुरोदा-साननी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "एकच पास शिकवायचा. तो बसला तर दुसरा."

तो एक पास असा. आमचा फेकणारा मुलगा हिरोसे, दुसऱ्या वर्षाचा, तोंडात तीळ न भिजणाऱ्या माझ्या अगदी उलट, म्हणजे अजिबात न बोलणारा. त्याने नेहमीप्रमाणे घुसणाऱ्याच्या हाती चेंडू दिल्याचं नाटक करायचं. समोरचे सवयीने त्या घुसणाऱ्यावर धावून येतात. त्यांच्या पाठीमागे जागा रिकामी होते. तेवढ्यात उजव्या कडेने आमचा कर्णधार मिझुनो सरळ पळत येतो, ठरलेल्या ठिकाणी उजवा पाय रोवून आत वळतो, आणि वळताक्षणी चेंडू त्याच्या हातात पडायला हवा. म्हणजे मिझुनो वळायच्या आधीच चेंडू हिरोसेच्या हातून सुटलेला असायला हवा. कागदावर फार सोपं आहे.

पहिली अडचण पुढच्या धिप्पाड मुलांची. घुसायचं असतं तेव्हा ती मुंडी खाली घालून पुढे धडका देतात. फेकणाऱ्याला वेळ मिळायचा तर त्यांनी एक पाऊल मागे येऊन भिंतीसारखं उभं राहायला हवं. आणि मागे यायला कुणी तयार नाही! मागे येणं म्हणजे हरणं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. एक जण तर इतका ओशाळतो, की दर वेळी मागे आल्यावर कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघतो.

दुसरी अडचण हिरोसेची. त्याचा हात सुरेख आहे. उभ्या माणसाला टाकायचा तर चेंडू अलगद ओंजळीत. पण सरावात प्रत्येक पास उशिरा. मिझुनो वळतो, थांबतो, मान वर करतो, मग चेंडू निघतो. तोवर समोरचे परत आलेले असतात आणि मधल्यामध्ये पळवतात. मी सगळं चित्रीकरण घरी आणून जेवताना बघत बसले आणि भाजी करपवली. चेंडू पडला की हिरोसे धावत जाऊन कमरेत वाकून "सुमिमासेन" म्हणतो. मिझुनोच्या तळहातावर आपटून पडला तरी माफी हिरोसेचीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला घेतलं.

"तू मिझुनोच्या डोळ्यांकडे बघतोस ना? त्याने बघितल्याशिवाय फेकत नाहीस."

तो कानापर्यंत लाल झाला. "मिझुनो-सान चौथ्या वर्षाचे आहेत, सेन्सेई. त्यांचं लक्ष नसताना त्यांच्या अंगावर चेंडू टाकायचा म्हणजे... उद्धटपणा होईल."

आता सांग! इथे एक वर्षाने मोठा असलेल्या मुलाच्या आधी कुणी पाण्याची बाटली उघडत नाही. त्यांच्या रक्तातच आहे ते. मी त्याला काय शिकवणार? मला एवढंच आठवतं, की मीही तुला घाबरून असायचे, बॉल उशिरा द्यायचे, आणि मग कधीतरी तसं करायचं थांबले. तू काय केलं होतंस? मला खरंच आठवत नाही. सांग ना, ताई. माझ्यासाठी नको सांगू, हिरोसेसाठी सांग.

वीणा

ता. क. शाळेतल्या मुली पुन्हा आल्या होत्या आणि तू पुन्हा झोपली होतीस, हे मला कळलं. तेजश्रीला ओरडू नकोस. मी तिला छळून काढते म्हणून ती सांगते.

योकोहामा, ३० जून

ताई,

तेजश्रीचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवून घेते:

"मावशी, आईने सांगितलंय ते लिहितेय. लिफ्टरने शूटरकडे बघायचंच नाही. बॉल माणसाला द्यायचा नाही, जागेला द्यायचा. जागेवर आलेला बॉल पडला तर चूक शूटरची. जागेवर आलाच नाही तर चूक लिफ्टरची. ज्याची चूक त्याने माफी मागायची, मग तो कुणी का असेना. आणि वीणाला सांग, तिला आठवत नाही ही शुद्ध थाप आहे."

थापच होती. पण तुझ्या तोंडून हवं होतं. ऑफिसात तो मेसेज वाचून मी इतकी मोठ्याने हसले, की शेजारच्या खोलीतून एकजण बघायला आला.

तुझा कायदा मी सोमवारी संघाला सांगितला. मैदानात एक निळी ताडपत्री घडी करून ठेवली. चेंडू ताडपत्रीवर यायला हवा, मिझुनो कुठेही असो. ताडपत्रीवरचा चेंडू सुटला तर मिझुनोने हिरोसेची माफी मागायची. धाकट्याची माफी, तीही सगळ्यांसमोर! कुरोदा-सान हाताची घडी घालून आकाशाकडे बघत होते. मला वाटलं, आता माझी शिक्का मारण्याची नोकरीही जाणार.

हिरोसेने डोळे जवळजवळ मिटूनच फेकला. चेंडू बरोबर ताडपत्रीच्या वर, आणि मिझुनो नुकता वळत होता. खांद्यावर बसला आणि खाली पडला. हिरोसे सवयीने माफी मागायला धावला. मिझुनोने हात वर करून त्याला थांबवलं, हेल्मेट काढलं आणि कमरेत वाकला. "सुमिमासेन." हिरोसे बिचारा त्याहून खाली वाकला. मग मिझुनो आणखी खाली. कुरोदा-सान ओरडले, "वाकायची स्पर्धा नंतर घ्या!"

त्यानंतरचे दोन पासही पडले. पण ते वेळेवर पडले, ताई. पहिल्यांदा.

वीणा

नागानो, २० ऑगस्ट

ताई,

संघाचं उन्हाळी शिबिर डोंगरात आहे, मी शिक्क्यासकट आले आहे. सकाळी गवतावर इतकं दव असतं की बुटांतून पाणी काढावं लागतं.

काल दुसऱ्या विद्यापीठाशी सरावाची मॅच झाली आणि आमचा पास साफ तोंडावर आपटला. हिरोसेने तुझ्या कायद्याप्रमाणे आधीच फेकला, मिझुनो वळताना ओल्या गवतावर घसरला, चेंडू समोरच्याच्या हातात आणि तो सुसाट निघून गेला. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. कुरोदा-साननी हात हलवला. पास बंद. उरलेली मॅच आम्ही घुसत घुसत हरलो. हिरोसे बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

जेवणाच्या वेळी मिझुनो ताट ठेवून उभा राहिला. सगळ्यांसमोर कुरोदा-सानना म्हणाला, "चेंडू दोन्ही वेळेला जागेवर होता. मी जागेवर नव्हतो. पास बंद करायचा असेल तर मला बसवा, हिरोसेला नको." इथे कोचला असं कुणी बोलत नाही. घास तोंडातच राहिले सगळ्यांचे. कुरोदा-साननी त्यांचा करी-भात शांतपणे संपवला, बशी पुसून काढली आणि म्हणाले, "उद्यापासून चेंडू बादलीत बुडवून सराव." पास चालू आहे असा त्याचा अर्थ.

मिझुनोला उभं राहिलेलं बघून मला भरून आलं. असं कुणी आपल्यासाठी उभं राहिलं की माणूस काय वाटेल ते करू शकतो. तू माझ्यासाठी किती वेळा राहिलीस, ते मी तुला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कपाटावरचं खोकं रिकामं आहे असं तेजश्रीने मला अजिबात सांगितलेलं नाही. त्यामुळे आज कपडे वाळत घालताना मी रडले, त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वीणा

योकोहामा, ९ ऑक्टोबर

ताई,

जखम झाली आणि पाय परत खोक्यात गेला, हे कळलं.

जखम का होते, काय करायला हवं, कुणाकडे जायला हवं, सगळं मला माहीत आहे. दोन वेळा लिहून फाडलं. तू विचारलेलं नाहीस, म्हणून लिहिणार नाही. माझ्यासारखीने गप्प बसणं ही केवढी गोष्ट आहे, तुला कल्पना असेल.

हंगाम सुरू झालाय. पहिल्या मॅचमध्ये कुरोदा-साननी एकही पास खेळवला नाही. दुसरीत हिरोसे घाबरला आणि पुन्हा मिझुनोची वाट बघत राहिला. दोन्ही हरलो. त्यानंतर एक जिंकलो. एवढंच.

वीणा

योकोहामा, २४ नोव्हेंबर

ताई,

काल शेवटची मॅच झाली. जो हरेल तो खालच्या गटात जाणार होता. मी वाट बघायला लागले की बोलत सुटते, म्हणून मला कुणी बाकाजवळ उभं करत नव्हतं.

निम्मी मॅच होईपर्यंत आम्ही घुसलो आणि आपटलो. मग कुरोदा-साननी हिरोसेच्या हेल्मेटवर टपली मारली आणि बोट वर केलं. म्हणजे पास. हिरोसेने नाटक केलं, समोरचे धावून आले, आमची धिप्पाड मुलं एक पाऊल मागे येऊन उभी राहिली, हो, सगळी, न लाजता! मिझुनोची पाठ अजून हिरोसेकडे होती आणि चेंडू सुटलेला होता. रिकाम्या जागेत, जिथे कुणीही नव्हतं तिथे चालला होता. मिझुनो वळला आणि चेंडू त्याच्या हातात होता. आमच्या बाजूचे प्रेक्षक ओरडायलाच विसरले, त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं.

पुन्हा टाकला, पुन्हा झेलला. एकदा सुटला, तेव्हा मिझुनोने पळता पळता हिरोसेला मान लववली आणि हिरोसेने नुसता हात वर केला. वाकला नाही. समोरच्यांना कळेना काय करावं. त्यांची दोन माणसं मागे सरकली, मग तिसरा सरकला. मैदानाच्या मधोमध चक्क वाट पडली. कुरोदा-सान माझ्याकडे वळून पहिल्यांदा हसले. शेवटच्या खेपेला ज्याला त्याला पास येणार असं वाटत असताना त्यांनी घुसायला सांगितलं, आणि आमचा मुलगा त्या वाटेने कुणाचाही हात न लागता पार पलीकडे गेला. जिंकलो. घुसूनच जिंकलो! कुरोदा-सान आता जन्मभर मला ऐकवणार.

मुलांनी मला मध्ये ओढून विचारलं, तो कायदा कुणाचा? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा. त्यांनी भारताची दिशा कुठली ते विचारलं आणि सगळा संघ तिकडे तोंड करून वाकला. दिशा बहुतेक चुकली होती.

तेजश्री आता मला काही सांगत नाही. विचारलं तर "आई बरी आहे" एवढंच. मॅचचं चित्रीकरण मी तिला पाठवलंय. बघ किंवा बघू नकोस. या वर्षात मी तुला फुटबॉलबद्दल लिहिलं आणि प्रत्येक ओळीत मला तुझीच काळजी होती, हे तुला पहिल्या पत्रातच कळलं असेल. मला तू परत हवी आहेस. बाकी काही नको.

तुझी
वीणा

मिरज, ९ डिसेंबर

वीणा,

पत्रं सगळी मिळाली. तेजश्रीने वाचली नाहीत, मीच वाचली.

मॅच बघितली. हिरोसे चांगला आहे. तुझा तो मिझुनो मात्र वळताना पाय फार लांब टाकतो, म्हणून घसरतो. हे मी तेजश्रीला सांगत होते, तिला काही केल्या समजेना. शेवटी करून दाखवायला उठले. उजवा रोवायचा आणि आत वळायचं. रोवला. तो उजवा म्हणजे नवाच. जखम दिवाळीतच भरली होती. घरात मी तो घालत होते, पण तुला कळवायचं नाही असा तेजश्रीला दम दिला होता. आणि सरळ चालणं वेगळं आणि हे वेगळं.

परवा ग्राउंडवर गेले. पोरी इतक्या बिचकल्या होत्या, की बॉल चालत आणून माझ्या हातात देत होत्या. मी म्हटलं, हे काय हळदीकुंकू आहे का? फेका. फेकला एकीने. मी उजवा रोवून वळायला गेले आणि धाडकन पडले. पोरी रडायला लागल्या. कुणाला हात लावू दिला नाही. उठायला वेळ लागला, सगळं ग्राउंड बघत होतं, बघू दे. उठले. पुन्हा पडले. मग घरी आले आणि भरपूर जेवले.

आता तुझं ते शास्त्र काढ. उजव्यावर भार देऊन डावीकडे जायला बघितलं की माझं अंग आधी जातं आणि पाय मागे राहतो. असं का होतं? काय करू? चित्र काढून सविस्तर लिही, जरा मोठ्या अक्षरात. घाई काही नाही, पण सोमवारपासून मी पोरींची प्रॅक्टिस लावलीय.

ताई